गोरखचिंच आणि व्हाली

हरणी, बडोदे
१२ जानेवारी २०२५

उत्कर्ष,

माझं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला टाकशील, म्हणून पत्ता कॉलेजातल्या शिवांगीकडून लिहून घेतला. चार वर्षांत आपण बहीणभाऊ एक शब्द बोललेलो नाही. आईच्या वेळी जे झालं ते या पत्रात उकरायचं नाही. मला कामापुरती माहिती हवी आहे. फोन करणार नाही. घरात भिंती पातळ आहेत.

आपल्या सोसायटीच्या मागच्या मैदानातली गोरखचिंच तुला आठवत असेल. शेजारचे तिला रुखडो म्हणतात. ती तोडायची असं ठरत आलं आहे. डिसेंबरात तिची एक वाळकी फांदी पडली आणि सोसायटीतल्या एका माणसाला लागलं. ती फांदी काढा म्हणून मी दिवाळीआधीच सांगितलं होतं. कोणी मनावर घेतलं नाही. आता आमचे चेअरमन प्रतापसिंहराव म्हणतात, फांदी कशाला, झाडच वठलंय. थंडीत गोरखचिंचेची पानं झडतात हे त्यांना पटत नाही. उत्तरायण आलंय, त्यामुळे उघड्या फांद्यांत नुसते पतंग लोंबताहेत आणि झाड खरोखरच मेल्यासारखं दिसतं.

वारसा वृक्ष म्हणून नोंद व्हावी असा अर्ज मी करते आहे. त्या कचेरीतले एक गृहस्थ म्हणाले, "बेन, हे झाड आफ्रिकेचं. आपल्या कुठल्या यादीत नाही. ते कशासाठी राखायचं, हे लोकांना समजेल असं उदाहरण देऊन लिहा." मला वेरावळ आठवलं. तू तिकडे जाळ्यात सापडलेले व्हेल शार्क सोडवत फिरतोस.

मी एका कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे झाड, उजवीकडे मासा. पहिली ओळ नावाची. गोरखचिंच ही चिंच नाही. चिंच शेंगांच्या कुळातली, हिचं कूळ भेंडीचं, कापसाचं, जास्वंदीचं. पूर्वी हिला सावरीबरोबर वेगळ्या कुळात ठेवत, नंतर ते कूळच भेंडीच्या कुळात विलीन झालं. उजवीकडे लिहिलं: व्हेल शार्क हा व्हेल नाही. व्हेल सस्तन, हा मासा, तोही हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेला. दोघांच्याही नावात दुसऱ्याचंच नाव. इथवर मला येतं. पुढे गण, कूळ, प्रजाती तू तपासून दे. आणि तुमच्या माशाला कायद्याचं संरक्षण कसं मिळालं ते कळव.

एवढंच काम आहे.

निरुपमा


हरणी, बडोदे
२६ जानेवारी

उत्कर्ष,

तुझं पत्र मिळालं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

दुरुस्त्या केल्या. व्हेल शार्क अंडी घालतो असं मी लिहिलं होतं, ते खोडलं. पिल्लं आईच्या पोटातच अंड्यातून बाहेर येतात, हे मला ठाऊक नव्हतं. गालिचा शार्कांच्या गणातला आहे हेही नव्हतं. आणि आपल्या कुळात तो एकटाच, हे वाचून मी जरा थांबले. माझ्या झाडाची भावंडं तरी आहेत. मादागास्करमध्ये सहा, ऑस्ट्रेलियात एक.

आता तू जे टोचून विचारलंस त्याबद्दल. "ताई, जे झाड मुळात इथलं नाही, ज्याला जगात इतरत्र धोका नाही, त्याच्यासाठी एवढा आटापिटा का?" बरोबर आहे. तुझा मासा संकटग्रस्त यादीत आहे. दोन हजार एक सालापासून त्याला वाघाच्या बरोबरीचं कायद्याचं कवच आहे. माझं झाड कुठेच नाही. पण तुझा मासा तरी इथला कुठे आहे? थंडीत सौराष्ट्राच्या किनाऱ्याला येतो आणि निघून जातो, कुठे जातो ते तुम्हालाही नीट माहीत नाही, असं तूच लिहितोस. हे झाड निदान आल्यापासून हललेलं नाही. शेकडो वर्षं एका जागी उभं आहे, एवढं त्याला इथलं म्हणायला मला पुरतं.

तुझ्या पत्रातला दुसरा भाग मी दोनदा वाचला. पूर्वी तेलासाठी त्याला मारत, ते तेल होड्यांच्या लाकडाला फासत. मग कोणीतरी तिथल्या खारवा कोळ्यांना सांगितलं की हा मासा म्हणजे माहेरी आलेली लेक, आणि त्याचं नाव व्हाली पडलं, लाडकी. तेव्हापासून ते स्वतःचं जाळं कापून त्याला सोडतात. कायदा होताच, पण जाळ्यावर सुरी चालली ती या नावामुळे, असं तू म्हणतोस. माझ्याकडे असलं नाव नाही. रुखडो म्हणजे तर जवळजवळ रूक्षच.

शेवटी तू विचारलंयस, "लागलं कोणाला?"

बाबांना.

संध्याकाळी फिरून येत होते. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई घातली आहे. अजून पलंगावर आहेत. मी लिहिलं नाही कारण त्यांनी बजावलं होतं, "त्याला कळवायचं नाही." आणि माझंही एक होतं. तू कर्तव्य म्हणून येऊन दारात उभा राहिलास आणि त्यांनी तोंड फिरवलं, तर ते बघायची माझी तयारी नव्हती.

आता तुला माहीत आहे. काय करायचं ते तू ठरव.

निरुपमा


हरणी, बडोदे
१० फेब्रुवारी

उत्कर्ष,

तू आला नाहीस. लिहिलंस, "बाबांनी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही." ते म्हणणार, त्याने आपणहून यावं. तू म्हणणार, त्यांनी बोलवावं. मधे मी, एका हाताने त्यांना कुशीवर वळवते आणि दुसऱ्या हाताने तुला पत्र लिहिते.

इकडे तोडायची परवानगी आली. माझ्या अर्जाचा निकाल लागायचा आहे, तो कधी लागेल ते कोणी सांगत नाही. प्रतापसिंहराव परवा घरी आले होते. बाबांच्या पायाशी खुर्चीवर बसून मला म्हणाले, "निरुबेन, मला झाडाशी वैर नाही. माझी नात तिथे सायकल चालवते. आज तुमचे वडील पडले, उद्या ती पडली तर मी मुलाला काय तोंड दाखवू?" ते खोटं बोलत नव्हते. दोन मार्चला रविवारी सकाळी मैदानातच सभा ठेवली आहे. ज्यांना लागलं त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि मग ठरवायचं. म्हणजे बाबांच्या एका शब्दावर आलंय. ते झाडाबद्दल माझ्याशी काही बोलत नाहीत.

तुझं पत्र त्यांना कळलं. पोस्टमनने दारातून वेरावळचं नाव वाचलं आणि आतून हाक आली.

"काय लिहितो?"

"माशांबद्दल," मी म्हटलं.

"वाच."

मी माशांचा भाग वाचला. उंबऱ्याचा गाळला. ते डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "निरू, त्याला एक विचार. ती गेली त्या दिवशी हा ज्या माशापाशी होता, तो सुटला का?"

चार वर्षांत हे आपल्यापैकी कोणी विचारलं नाही. मीही नाही. आईला आम्ही स्मशानात नेलं तेव्हा तू समुद्रात होतास, फोन लागत नव्हता, दुसऱ्या दिवशी दुपारी तू आलास. जमलेल्या माणसांसमोर बाबा म्हणाले, "याला मासा आईपेक्षा मोठा." तू चपलाही न काढता परत गेलास. त्या माशाचं पुढे काय झालं, हे घरात कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

ते विचारतात म्हणून मी विचारते. खरं असेल ते लिही. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. त्यांना लगेच कळतं.

ताई


हरणी, बडोदे
२२ फेब्रुवारी

उत्कर्ष,

तुझं पत्र आधी मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, आणि मग त्यांना वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही.

मासा मादी होती. जाळं कल्ल्यांभोवती आवळलं होतं. तुम्ही तिला होडीच्या कडेला बांधून पाण्यात धरून ठेवलं, खारवे पाण्यात उतरून जाळं कापत होते. ती शेपूट हलवायची थांबली तरी तुम्ही कापत राहिलात. सगळं जाळं निघालं तेव्हा ती सुटून सरळ खाली गेली, आणि हालली नाही. तू लिहिलंस, "परत येताना रेंज आली आणि ताईचे मेसेज एकामागून एक पडले. मी बडोद्याला आलो तेव्हा, मासा मेला हे कोणाला सांगायला माझ्या तोंडात शब्द नव्हते. मासा वाचला असता तर बाबांचं बोलणं मी ऐकून घेतलं असतं."

वाचून झालं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पाणी विचारलं, नको म्हणाले. मग भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे त्याचं दोन्हीकडचं गेलं."

मी पत्राची घडी घातली.

थोड्या वेळाने उठवून बसवायला सांगितलं. विचारू लागले, हा मासा जगतो किती वर्षं, वयात कधी येतो. मी तुझ्या पहिल्या पत्रातलं सांगितलं, की तिशीच्या आसपास पिल्लं व्हायच्या वयाला येत असावा, नक्की कोणालाच माहीत नाही. ते सिंचन खात्यातल्या जुन्या इंजिनिअरसारखे हिशेबाला लागले. "तीस वर्षं वाढवायचं आणि एका जाळ्यात घालवायचं. मग असे उरणार किती?" असं म्हणाले. मी तोच मुद्दा अर्जात घातला आहे. झाडालाही तो लागू आहे. दोघंही सावकाश वाढतात, म्हणून एक गेला की त्याच्या जागी दुसरा आपल्या आयुष्यात येत नाही.

रात्रीच्या गोळ्या देताना म्हणाले, "ये म्हणावं त्याला."

मी म्हटलं, "तुम्ही सांगा फोनवर."

"तू लिही. फोनवर मला जमणार नाही."

म्हणून लिहिते आहे. बाबांनी बोलावलं आहे. सभा दोन तारखेला आहे. आदल्या रात्रीची गाडी धर, सकाळी पोचशील. सभेत ते झाड तोडा म्हणतील की राहू द्या म्हणतील, मला अजूनही ठाऊक नाही. तू शेजारी असलास तर मला बरं वाटेल.

ताई


हरणी, बडोदे
३ मार्च

उत्कर्ष,

परवा संध्याकाळी तुझा फोन आला, सुत्रापाड्यासमोर एक सापडलाय, मी होडीवर चाललोय, सभेला पोचणार नाही. मी "कळलं" म्हटलं आणि ठेवून दिला. तुला वाटलं असेल रागावले. रागावलेच होते. बाबांची मी दाढी करवून घेतली होती. इस्त्रीचा सदरा खुर्चीवर काढून ठेवला होता. आता त्यांना सांगायचं कसं, म्हणून मी मोरीत जाऊन उगाच कपडे भिजवत बसले.

शेवटी सांगितलं. ते म्हणाले, "किती आत आहे? वारा कसा आहे तिकडे?" मी विचारलं नव्हतं. "ते विचारायला हवं होतंस," असं म्हणून त्यांनी बातम्या लावल्या आणि हवामान येईपर्यंत बघत बसले.

सकाळी त्यांना चाकांच्या खुर्चीतून खाली नेलं. झाडापासून जरा दूर खुर्च्या मांडल्या होत्या, फांदीच्या भीतीने. सगळी सोसायटी आली होती. मी कागद काढून वाचायला लागले. कूळ, गण, डावीकडे झाड, उजवीकडे मासा. लोक फोनमध्ये बघायला लागले. समोरच्या पटेलबेन शेजारणीला हळूच म्हणाल्या, "माछली क्यांथी आवी?" मधेच मासा कुठून आला, हे त्यांचं खरंच होतं. मी कागद घडी करून ठेवला, झाडापाशी गेले आणि घरच्या किल्लीने खोडाची साल खरवडली. करड्या सालीखाली हिरवं निघालं. मुलं धावत बघायला आली, मग बायका आल्या. प्रतापसिंहरावांनी चष्मा वर करून बघितलं. "हिरवं आहे," ते म्हणाले. "पण निरुबेन, जिवंत झाडाचीही फांदी पडते."

मी किल्ली पदराला पुसली.

त्यांनी बाबांना विचारलं, "नारायणराव, लागलं तुम्हाला. तुम्ही म्हणाल तसं."

बाबांनी खुर्ची पुढे घ्यायला लावली, थेट झाडाखाली. मी ढकलली नाही. मला भीती वाटली. प्रतापसिंहरावांनीच ढकलली आणि तेही खुर्ची धरून तिथेच उभे राहिले.

बाबा म्हणाले, "मी जन्मभर धरणांवर काम केलं. दरवाजा निकामी होऊन खाली माणसं मेलेली मी पाहिली आहेत. आम्ही दरवाजा बदलला. धरण कोणी फोडलं नाही. ही फांदी वाळली आहे असं माझ्या मुलीने दिवाळीआधी सांगितलं होतं. ती तेव्हाच काढली असती तर मी आज पायावर उभा असतो."

"आणि पुन्हा पडली तर?" प्रतापसिंहरावांनी विचारलं.

"तर मी चुकलो," बाबा म्हणाले. "तेव्हा तोडा. पण न बघता तोडू नका."

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. वाळक्या फांद्या आत्ताच उतरवू. मोठ्या फांदीला लोखंडी टेकू देऊ, गोरव्यात कारखाना असलेला माझा एक जुना विद्यार्थी बनवून देईल. झाडाभोवती कुंपण, मुलांच्या सायकली पुढच्या अंगाला. आणि आषाढ संपेपर्यंत पानं फुटली नाहीत, तर तोडायच्या कागदावर पहिली सही माझी.

प्रतापसिंहराव बाबांकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "आषाढापर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर माझं ऐकायचं."

वर आल्यावर बाबांनी सदरा काढू दिला नाही. तुझा फोन दुपारी आला. मी उचलला आणि तू म्हणालास, "गेली. पोहत गेली." मी फोन त्यांच्या कानाला लावला. तू काय बोललास मला ऐकू आलं नाही. ते नुसतं "हं, हं" करत होते आणि हाताने मला बाहेर जा म्हणून खुणावत होते.

आता ये. सभेसाठी नाही, असाच ये.

ताई


हरणी, बडोदे
२० जुलै

प्रिय उत्कर्ष,

होळीला तू येऊन गेलास त्याला आता बरेच दिवस झाले. फोनवर रोजचं कळतं, तरी काही गोष्टी लिहूनच सांगाव्या वाटतात.

जूनभर मी रोज सकाळी गच्चीतून झाडाकडे बघत असे. पाऊस लागला, कडुनिंब, वड सगळे हिरवे झाले, हे मात्र तसंच. प्रतापसिंहराव काही बोलत नसत. फक्त दूध आणायला जाताना एकदा वर बघत आणि मग माझ्या गॅलरीकडे बघत. तोडायचा कागद मी स्वतःच तयार करून ठेवला. बाबांना सांगितलं नाही, पण त्यांनी विचारलं, "कागद केलास?" मी हो म्हटलं. "बरं केलंस. शब्द दिला की पाळायचा," असं म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

आषाढातच फुटलं. आधी टोकांना तांबूस ठिपके, मग पंजासारखी पानं. सगळीकडे नाही. पूर्वेकडची मोठी फांदी, जिला टेकू दिला होता, ती मेली आहे. मी आठ दिवस वाट बघितली आणि ती काढा म्हणून स्वतः सांगितलं. करवत चालली तेव्हा मी घरात आले. झाड आता एका अंगाने बोडकं दिसतं. लोक म्हणतात विद्रूप झालं. मला तसं वाटत नाही. अर्जाचं अजून काही कळलेलं नाही. कुठल्याही यादीत त्याचं नाव नाही, पण सोसायटीत आता तोडायची भाषा कोणी करत नाही. प्रतापसिंहरावांनी कुंपणाला स्वतः हिरवा रंग दिला. नातीने त्यांच्या सदऱ्यालाही दिला.

बाबा वॉकर घेऊन जिन्यापर्यंत जातात. तुझ्याशी त्यांचं अजून भांडण चालूच आहे, एवढा अवाढव्य प्राणी मासा कसा म्हणता येईल, म्हणून. मी वर्गीकरण समजावलं. म्हणाले, "तुम्ही दोघं पुस्तकं वाचता, मला आकार दिसतो."

तुमच्या होड्या आता किनाऱ्याला लागलेल्या असतील, पण हंगाम पुन्हा येईल. काल मी हे पत्र लिहायला बसले तेव्हा त्यांनी विचारलं, कोणाला? मी म्हटलं तुला. म्हणाले, माझ्याकडूनही दोन ओळी घाल. त्यांनी सांगितलं तसंच लिहिते:

"समुद्रात जायच्या आधी फोन कर. परत आलास की कर. मधे करू नको, तुला काम असतं. आईला तू कुठे आहेस हे शेवटपर्यंत माहीत होतं, मीच तिला सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, त्याला बोलावू नका, काम होऊ दे. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. तू आत असलास की मला झोप लागत नाही. एवढंच. नारायण."

लिहून झाल्यावर त्यांनी कागद हातात घेऊन वाचला आणि "नारायण" खोडून खाली स्वतःच्या अक्षरात "बाबा" लिहिलं. खाडाखोड त्यांची आहे.

ताई